छापखान्यातला जुना पेंटियम

आमच्या छापखान्यातला १९९८ च्या सुमाराचा पेंटियम टू माळ्यावरून खाली काढला, दुरुस्त केला. आता तो कामालाही येतो. त्या खटपटीतून शिकलेलं थोडं:

१. बटण लगेच दाबू नका. आधी झाकण उघडा, मऊ ब्रशने धूळ झाडा, झुरळांचा संसार बाहेर काढा. मग एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) मागची लाल पट्टी बघा. तिच्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात. पट्टी ११५ वर असताना आपल्याकडची वीज दिली, की मोठा आवाज होतो आणि एसएमपीएस संपतो.

२. पेंटियमच्या बहुतेक बोर्डांवर सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी असते. घड्याळवाल्याकडेही मिळते, घालून टाका. तुमचं मशीन ३८६ किंवा ४८६ असेल, तर मात्र काळजी घ्या. त्या काळच्या अनेक बोर्डांवर निकेल-कॅडमियमची बॅटरी डाग देऊन बसवलेली असे. ती गळते आणि तांब्याच्या रेषा खात सुटते. हिरवट चट्टे दिसले तर बॅटरी कापून काढणं हे पहिलं काम. बाकी सगळं नंतर.

३. चालू केल्यावर नुसतेच बीप वाजले, तर रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसा. बरेचदा एवढ्यानेच भागतं.

४. जुना काचेचा मॉनिटर उघडू नका. आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात. ते काम जाणकाराचं. सुटे भाग स्वतः शोधायचे, तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली.

५. हार्ड डिस्क फिरतेय तोवर तिची पूर्ण नक्कल करून घ्या. सजावट, सफाई, खेळ, सगळं त्यानंतर.

६. आता खरा प्रश्न: मशीन चाललं, पुढे काय? माझ्या मते जे काम दुसरीकडे होत नाही, तेच त्याला द्यावं. मराठीत असं काम पडून आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती आली विंडोज २००० बरोबर. तोवर पुस्तकं आणि दिवाळी अंक पेजमेकरमध्ये, श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टमध्ये जुळवले जात. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. तो फॉन्ट नसेल, तर आजच्या मशीनवर फाइल उघडल्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्यातून बऱ्याच सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं लॉक लागे, आणि नव्या संगणकांना तो पोर्टच नाही.

आमचा पेंटियम या फाइली मूळ मांडणीसकट उघडतो. पान पोस्टस्क्रिप्ट फाइल म्हणून छापायचं आणि नव्या संगणकावर तिची पीडीएफ करायची. मजकूर युनिकोडमध्ये हवा असेल, तर रूपांतर करणारी साधनं आहेत, पण मुद्रितशोधन टळत नाही. पहिली वेलांटी आणि रफार हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. जुन्या लेखकांचे संग्रह पुन्हा काढायचे, तर नव्याने टाइप करण्यापेक्षा हा मार्ग मला स्वस्त वाटतो.

७. इंटरनेटला जोडू नका. अशा मशीनवरच्या विंडोज ९८ ची सुरक्षा-दुरुस्ती २००६ मध्येच थांबली, आणि आजच्या बहुतेक वेबसाइट तिथे उघडतही नाहीत. पेनड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर शोधावा लागतो. त्यापेक्षा सीडी बरी. एखादा लेख असेल तर १.४४ एमबीची फ्लॉपीसुद्धा पुरते.

८. मुलांना प्रिन्स ऑफ पर्शिया जरूर खेळू द्या. १९८९ चा खेळ, राजकन्या सोडवायला ६० मिनिटं. पण तेवढ्यासाठी टेबलाची जागा अडवू नये.

तुमच्या छापखान्यात, कार्यालयात असं मशीन असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी हार्ड डिस्क आणि मागचं लॉक तेवढं काढून ठेवा. लॉक गेलं, की सॉफ्टवेअरची सीडी असूनही उपयोग नसतो.