बारशिंगा आणि त्याचें घर

मध्य प्रदेशांतील कान्हा येथें १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. तथापि कठीण भूमीवर राहणारे बारशिंगे १९७० सालीं तेथें अवघे ६६ उरले. अभयस्थान मिळूनहि असें कां व्हावें?

आम्हांस याचें उत्तर गवतांत सांपडतें. बारशिंगा बहुतेक गवतावरच जगतो, आणि मादी आपलें पाडस उंच गवतांत दडविते. कुरणांत गुरें चरूं लागलीं, शेतें झालीं, गवत वरचेवर जाळलें गेलें. तेव्हां अन्न गेलें आणि पाळणाहि गेला.

पुढें योजनापूर्वक उपाय झाले. वाघ शिरूं नये असें कुंपण घालून आंत कांहीं बारशिंगे राखिले. कुरणांतील गांवें बाहेर वसविलीं. नांगरलेल्या जमिनीवर पुन्हां गवत उभें राहिलें. कळप इतके वाढले कीं, २०१५ सालीं त्यांतील कांहीं सातपुडा व्याघ्र प्रकल्पांत नेतां आले.

परंतु त्या गांवांतील बैगा व गोंड कुटुंबांस आपली वडिलोपार्जित भूमि सोडावी लागली, हें आम्हीं विसरूं नये. विद्यार्थिमित्रांनो, प्राणी वाचवावयाचा तर प्रथम त्याचें घर वाचविलें पाहिजे. आणि त्यापायीं ज्यांचें घर गेलें, त्यांचें ऋणहि फेडिलें पाहिजे.