मानेतली गाठ

१. पहिले ७२ तास गूगलला देऊ नका.
कंडोम फाटल्याचं त्याच रात्री कळलं होतं. एचआयव्हीची लागण टाळणारी ‘पेप’ची औषधं ७२ तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात, हे मात्र पाचव्या दिवशी कळलं. तोवर मी लक्षणं वाचत बसलो होतो. १०९७ हा फुकटचा हेल्पलाइन नंबर सापडला होता. लाजेपायी फिरवला नाही.

२. गाठ दाबली की दुखणारच.
तिसऱ्या आठवड्यात मानेत डावीकडे वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं. बसमध्ये, मीटिंगमध्ये, बोटं तिथंच. दाबून दाबून ते खरंच दुखायला लागलं. उशीखाली थर्मामीटर. पारा ९८.८ दिसला की घाम फुटायचा आणि रात्रीचा घाम तर लक्षणांच्या यादीत होताच! सुरुवातीची लक्षणं साध्या तापासारखी असतात, कित्येकांना ती नसतातही. निदान रक्तच करतं.

३. शाळेतलं पाठांतर ऐनवेळी उपयोगी पडत नाही.
एकत्र जेवल्यानं, मिठी मारल्यानं एचआयव्ही होत नाही, हे मला पाठ होतं. तरी गणपतीत गावी गेलो तेव्हा ताट-पेला वेगळा ठेवला. भाचा “मामा, घे” म्हणत हात वर करून उभा राहिला आणि मी मोबाइल बघत राहिलो. आई म्हणाली, “कुणावर रुसलायस रे?”

४. खोटं नाव सांगायची गरज नाही.
सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मी खोटं नाव पाठ करून गेलो. तपासणी फुकट. ती संमतीशिवाय नाही आणि माहिती गुप्त. २०१७चा एचआयव्ही कायदाच आहे तसा. टेबलावर कंडोम लावून दाखवायची लाकडी प्रतिकृती. ती सोडून मी सगळीकडे बघत होतो. समुपदेशक ताई म्हणाल्या, “दादा, समोरच्याला असला तरी अशा एका संबंधातून पुरुषाला लागण व्हायची शक्यता शंभरात एकाहून कमी. पण शून्य नाही, म्हणून तपासायचं.”

५. निगेटिव्ह कागदानं भीती जाईलच असं नाही.
दीड महिन्यानं निगेटिव्ह. तीन महिने उलटल्यावर पुन्हा निगेटिव्ह. रॅपिड किटवर तो निकाल पक्का धरतात. मी मात्र किटवरच संशय घेऊ लागलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ताईंनी पेन खाली ठेवलं. “आज रक्त नाही घेणार. झोप कशी आहे?” मला रडू आलं. त्यांनी मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेला पहिला नियम होता, मानेला हात लावायचा नाही. रक्त देण्यापेक्षा ते अवघड गेलं.

६. फाटलेला कंडोम दोघांचा असतो.
त्या काळात तिचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. डॉक्टरांनी सहज विचारलं, “आणि ती?” त्या संध्याकाळी फोन केला. तिची तपासणी कधीच होऊन गेली होती, एकटीनं. म्हणाली, “तुझं काय आलं ते विचारायला दोनदा फोन केला होता. तू उचलला नाहीस.”