पाण्याखालच्या वाडीची घरं कशी मोजावीत

धरणग्रस्तांवर प्रबंध लिहायला निघालेला विद्यार्थी पहिल्या भेटीतच प्रश्नावली काढतो. ती पिशवीतच राहू द्यावी. ‘विस्थापनाचा तुमच्यावर काय परिणाम झाला?’ या प्रश्नाला माणसं सभेत द्यायचं उत्तर देतात. खाली दिलेली कृती कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या एखाद्या वाडीसाठी आहे.

आधी आवाका ठरवा. अख्खा प्रकल्प नको, एक वाडी पुरे. कोयनेची माणसं रायगड, ठाणे, रत्नागिरी, सोलापूर, सांगली अशी पांगली. काही नुसतीच डोंगरावर वर सरकली. या वर सरकलेल्यांचं पुढे काय झालं तेही पाहा. १९८५ साली तिथे कोयना अभयारण्य झालं आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प.

मग कागद. जिल्हाधिकारी कार्यालयात भूसंपादनाचा निवाडा, संकलन रजिस्टर, जुने सातबारा आणि फेरफार मागा. मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि तोवर गावाकडे कामाला लागा. निवाडा वाचताना एक ध्यानात ठेवा: त्यात खातेदार सापडतो, गाव सापडत नाही. भूमिहीन, दुसऱ्याच्या रानात राबणारे, बलुतेदार, एकट्या राहणाऱ्या बायका यांचा त्यात मागमूस नसतो. शिवाय १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला कृषक दिन. कुळांची नावं मालकीत चढायची आणि जमीन संपादनात जायची, हे दोन्ही एकाच सुमारास चाललं होतं. म्हणून प्रत्येक गटापुढे ‘कसत कोण होतं?’ हा रकाना आपल्या हाताने वाढवा.

पुनर्वसित गावठाणात पोचलात की आपण सरकारी माणूस नाही हे पहिल्या चहाच्या आत सांगा. तरीही कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीतून पुनर्वसनाची फाईल काढेलच: “आमचं काम हुईल का?” ‘बघू’ म्हणू नका, ‘माझ्या हातात नाही’ म्हणा. फाईल मात्र वाचा. त्यातली अर्जांची पोच कुठल्याही मुलाखतीइतकी मोलाची असते.

आता खरं काम: नकाशा. ओसरीवर मोठा कागद पसरा, शेजारी खडे ठेवा, पेन्सिल त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. पुरुष बहुधा देवळापासून सुरुवात करतात, मग पार, मग आपली भावकी. बायका आल्या की नकाशा हलायला लागतो. पाणवठा इतका जवळ नव्हता, वाटेत चढ होता, त्या चढावर अमक्याचं घर होतं. हंडा ज्यांनी वाहिला त्यांना अंतर ठाऊक असतं. एक खडा म्हणजे एक घर. वाद झाला तर मिटवू नका, वहीत दोन्ही बाजू लिहा. गावकुसाबाहेरच्या वस्तीचे खडे कुणीच ठेवले नाहीत, तर नकाशाची दुसरी बैठक त्या वस्तीतल्या माणसांच्या घरी घ्या. हे टाळून केलेला अभ्यास निम्माच राहतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

खडे लागले की एकेका खड्यावरून वंशावळ काढा: या घरातलं कोण कुठे गेलं, कधी, कुणाच्या ओळखीने. साल विचारू नका. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या भूकंपाआधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, असं विचारा.

इथेच मुंबई येते. पाणी अडण्याआधीच या खोऱ्यातल्या पुरुषांनी गिरणी आणि गोदी धरली होती. धरणाने उठवलेलं घर आणि पोटासाठी आधीच निघालेलं घर बऱ्याचदा एकच निघतं. म्हणून ‘स्थलांतरित’ आणि ‘विस्थापित’ असे दोन वेगळे गठ्ठे करायची घाई नको. मुंबईकर ग्रामस्थ मंडळाची रविवारची बैठक गाठा. गावाकडे कुणालाच न आठवलेलं एखादं घर तिथे सापडू शकतं.

शेवटी जुळवणी. एका बाजूला निवाड्यातली नावं, दुसऱ्या बाजूला खडे. जे जुळलं ते झटपट उरका. जे जुळलं नाही, त्या प्रत्येक घराकडे पुन्हा जा. प्रबंधाचं मुख्य प्रकरण तिथेच आहे.

नकाशाची मोठी प्रत गावाला द्या. वंशावळ मात्र चव्हाट्यावर लावू नका. वाटपाचे दावे अजून चालू असतात, तेव्हा ज्याची प्रत त्याच्याच घरी पोचवा आणि छापताना नावं बदला.