वयोवृद्ध यात्रेकरू आणि पाणी



दर्शनासाठी येणारे अनेक वयोवृद्ध भाविक सकाळपासून पाणी घेण्याचे टाळतात. कारण विचारल्यास संकोचाने सांगतात, "बारीत उभे असताना लघवीला लागले तर नंबर जाईल." हा संकोच समजण्यासारखा आहे; परंतु त्यापायी ओढवणारा धोका मोठा आहे, म्हणून हे निवेदन.

वाढत्या वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाण्याची गरज असूनही घशाला कोरड जाणवत नाही. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्तीही उणावलेली असते. त्यातच मधुमेहात साखर वाढलेली असल्यास लघवीवाटे अधिक पाणी जाते. रक्तदाबावरील काही गोळ्याही लघवी वाढविणाऱ्या असतात. म्हणूनच चैत्राच्या उन्हात जोतिबाचा डोंगर किंवा जेजुरीच्या पायऱ्या चढणाऱ्या वृद्धांनी तहान लागण्याची वाट पाहू नये.

ज्यांना वैद्यकीय बंधन नाही त्यांनी दिवसभरात साधारण ६ ते ८ पेले पाणी वा अन्य पेये थोडी थोडी घ्यावीत; उन्हात त्याहून अधिक. चहा, ताक हेही त्यात धरावे. मधुमेहींनी उसाचा रस व गोड सरबते टाळून साधे पाणी घ्यावे. रक्तदाब असणाऱ्यांनी ताक बिनमिठाचे घ्यावे.

मात्र हृदय दुर्बल असलेल्या, मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वा डायलिसिसवर असलेल्या भाविकांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रमाणच पाळावे. नातेवाइकांनी प्रेमापोटी अधिक पाण्याचा आग्रह करू नये. नारळपाण्यात पोटॅशियम पुष्कळ असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते विचारल्याविना घेऊ नये. यात्रेच्या दिवशी किती पाणी घ्यावे व गोळ्या केव्हा घ्याव्यात, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. गोळी स्वतःहून बंद करू नये. ठरलेले पाणी सकाळीच बाटलीत भरून घेतल्यास हिशेब चुकत नाही.

एकादशीस निर्जळी उपवास करणाऱ्या वृद्धांना एक नम्र विनंती. पाणी आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही, असे आपल्या शास्त्रपरंपरेनेच सांगितले आहे. तेव्हा मनात किंतु न बाळगता दोन्ही घ्यावे.

गडद पिवळी लघवी, कोरडी जीभ, उठताना येणारी चक्कर ही पाणी कमी पडल्याची लक्षणे होत. बोलणे एकाएकी असंबद्ध झाल्यास 'वयामुळे होते' असे म्हणून दुर्लक्ष करू नये. मधुमेहींमध्ये साखर उतरल्यानेही असे घडू शकते. अशा व्यक्तीस सावलीत बसवून तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. शुद्ध हरपलेली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

बारीत शिरण्यापूर्वी प्रसाधनगृहात जाऊन यावे. मध्येच जावे लागल्यास शेजारच्या भाविकास व स्वयंसेवकास सांगून निःसंकोच जावे. आणि बारीतील इतरांना विनंती, की परतलेल्या आजी-आजोबांना त्यांची जागा आनंदाने द्यावी. नंबर जाणार नाही हा विश्वास मिळाला, तरच ते पाण्याचा पेला हाती घेतील. ही सेवाही देवाचरणी रुजू होईल.

आपली यात्रा सुखरूप पार पडो.