मळणीयंत्राचे पट्टे का जळतात?

प्रश्न : ट्रॅक्टरवरच्या मळणीयंत्राचे पट्टे सोयाबीनच्या हंगामात सारखे जळतात. ड्रमला तीन पट्टे आहेत. तुटेल तेवढा बदलतो, पण नवा आठवडाभरही टिकत नाही. काय करावे?
– एक शेतकरी, ता. रिसोड, जि. वाशीम

उत्तर : दोष बहुधा नव्या पट्ट्याचा नाही, जुन्या सोबत्यांचा आहे. वापरलेले पट्टे ताणून लांबलेले असतात, त्यामुळे सगळा भार एकट्या नव्यावर येतो. तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे घेऊन एकदमच बदला.

आता पट्ट्याच्या कडा पाहा. काचेसारख्या गुळगुळीत, काळ्या झाल्या असतील तर पट्टा घसरतो आहे. ओलसर सोयाबीन एकदम कोंबले की ड्रम अडतो, पुली फिरत राहते आणि पट्टा जागच्या जागी भाजतो. सकाळचे दव उडू द्या, घास थोडा थोडा घाला. घसरू नये म्हणून राळ टाकायची पद्धत सोडा. तिने पट्टा खराबच होतो.

ताण तपासताना ट्रॅक्टर बंदच हवा. दोन पुल्यांत मीटरभर अंतर असेल, तर मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण १५ मिलिमीटर दबावा. पुल्या एका रेषेत आहेत का, ते दोरी लावून बघा. पट्टा पहारीने चढवू नका, आतले धागे तुटतात. आधी ताण सैल करा. पट्टा खाचेच्या तळाला टेकत असेल, तर आधी पुली बदला. ती झिजलेली असताना नवे पट्टे घेणे म्हणजे पैसे पाण्यात.