दुसरा स्पर्श
शास्त्रपाठ : मार्क ८:२२-२६

प्रभूने एका शब्दाने वादळ शांत केले. परंतु बेथसैदाच्या आंधळ्याला त्याने एका क्षणात डोळस केले नाही. त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेले, डोळ्यांना थुंकी लावली, त्याच्यावर हात ठेवले आणि काही दिसते काय, असे विचारले. त्याला माणसे दिसली, पण चालत्या झाडांसारखी. प्रभूने पुन्हा हात ठेवले, तेव्हा त्याला सर्व स्पष्ट दिसू लागले.

दुसऱ्या स्पर्शाची गरज का पडली, हे मार्क सांगत नाही. मात्र एवढे ध्यानात घ्यावे की, त्या मनुष्याने भिडेखातर, “सर्व दिसते, महाराज,” असे म्हटले नाही. जेवढे दिसले तेवढेच सांगितले. आणि प्रभूने त्याला अल्पविश्वासी म्हणून दोष दिला नाही. ती अर्धी दृष्टीही प्रभूच्याच हातची होती.

हिंगोली, वसमत, कळमनुरी ह्या भागांतील खेड्यांत आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या उपदेशक बंधूंना ह्या पाठाचे नित्य काम पडेल. क्षयरोगाचे औषध सामान्यतः सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस चढते, आणि आजारी म्हणतो, “मी बरा झालो.” अशा वेळी कोणी भाविक मनुष्य, प्रार्थना झाल्यावर गोळ्या घेणे हा अविश्वास होय, असे सांगतो. हे बोलणे धार्मिक वाटते, पण घातक आहे. कारण उरलेले जंतू पुन्हा वाढतात आणि मग तेच औषध त्यांच्यावर चालेनासे होऊ शकते. कुष्ठरोगाचे जंतू आज सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधाने मरतात. परंतु हाताची फार दिवसांची गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही. त्या बहिणीने भाकरी भाजताना बोटे डोळ्यांनी पाहून जपावीत. तिचा विश्वास मोजावयास आपण बसू नये.

आपल्याच महाराष्ट्रातील पंडिता रमाबाईंचे पाहा. वैद्यकी शिकावी म्हणून त्या १८८३ साली इंग्लंडास गेल्या. बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी ख्रिस्ताची खरी ओळख त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी पटली, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. अंतःकरणाला दुसरा स्पर्श झाला. कानांना झाला नाही. तशाच कानांनी त्यांनी केडगावी शेकडो अनाथ मुली व विधवा सांभाळल्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले.

कान का बरे झाले नाहीत, असे कोणी विचारल्यास उत्तर बनवून सांगू नये. इफिसात पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन ठेवल्याने रोगी बरे झाले होते (प्रे. कृ. १९:१२). त्याच इफिसाचा त्रफिम हा पौलाचा सोबती. त्याला आजारी असता आपण मिलेतात ठेविले, एवढेच पौल तीमथ्याला कळवितो (२ तीमथ्य ४:२०). कारण देत नाही, आणि त्रफिमाला बोलही लावत नाही.