कोंडवाड्याच्या दारात जाण्याआधी

अगं, आधी डोळे पूस आणि रात्री झोपताना ते व्हिडिओ बघणं बंद कर. त्याने तुझी झोप जाते, कुत्रं एकही वाचत नाही. तुझ्या गावात नगरपरिषदेची गाडी येते, फास टाकून कुत्री उचलते आणि नेलेली कुत्री परत दिसत नाहीत, एवढंच आत्ता तुझ्या हातात आहे. कोणी सांगतं कचरा डेपोमागच्या कोंडवाड्यात मारतात, कोणी सांगतं लांब घाटात सोडून येतात. आणि तू विचारतेस, नोकरी, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं हे सगळं सांभाळून मी एकटी काय करणार? खरं सांगू का, जी बाई मार्चअखेरीचं ऑफिस आणि घरातली दहावी एकाच महिन्यात निभावते, तिला नगरपरिषद काही जड नाही.

कायदा तुझ्या बाजूने आहे, फक्त तो नीट वाचून जा. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे ना, त्याच्याच ११ व्या कलमात भटकी कुत्री मारण्याला सवलत ठेवलेली आहे. कोणीतरी शहाणा तुला ते कलम नाकासमोर धरून गप्प करायला बघेल. तेव्हा गडबडू नकोस. त्यानंतर २००१ मध्ये केंद्राचे कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम आले, २०२३ मध्ये ते नव्याने झाले. त्यांचा सरळ अर्थ असा, की कुत्रं पकडायचं, निर्बीजीकरण करायचं, रेबीजची लस द्यायची, कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. वेदनारहित मरण फक्त असाध्य आजारी किंवा जगूच न शकणाऱ्या जखमी कुत्र्याला, तेही पशुवैद्यकाच्या हातून. रेबीजचा दाट संशय असेल तर वेगळं ठेवायचं. 'लोकांची तक्रार आली म्हणून' हे कारण त्यात कुठेही नाही.

तरी सगळं कायमचं मिटलंय असं समजू नकोस हं. २००८ च्या डिसेंबरात आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने उपद्रवी कुत्री मारायला मोकळीक दिली होती. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली म्हणून निभावलं. आणि दंडाचं विचारशील तर हसू येईल. त्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये! पन्नासात आता धड मेथीच्या दोन जुड्या येत नाहीत. म्हणून पोलीस चौकीत जाशील तेव्हा भारतीय न्याय संहितेचं ३२५ वं कलम आधी सांग. प्राण्याला मारणं किंवा अपंग करणं यासाठी त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हा आकडा ऐकला की समोरचा पेन शोधायला लागतो.

आता मूळ मुद्दा. तुला वाटतंय आपण लोकांच्या मनात दया जागवायची. मलाही पूर्वी असंच वाटायचं. मी इतकं ओथंबून बोलायचे की ऐकणारा पाण्याचा ग्लास पुढे करायचा आणि फाइल मागे ठेवायचा. दया ज्यांना येणार त्यांना आधीच आलेली असते गं. मुख्याधिकाऱ्याला पटतं ते एकच: मारून उपयोग होत नाही, पैसे वाया जातात, आणि दुसरा उपाय चालतो. याचा पुरावा आपल्याकडे ढीगभर आहे.

मुंबईत इंग्रजांच्या काळापासून कुत्री मारली जात होती. १८३२ मध्ये त्यावरून दंगल झाली होती, ठाऊक आहे? पारशी मंडळींना कुत्रं पवित्र. शिपाई पैशांसाठी घराजवळची कुत्रीही मारायला लागले, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, दुसरेही लोक त्यांच्यासोबत आले. तरी मारणं काही थांबलं नाही. स्वातंत्र्यानंतरही महापालिकेने हजारोंनी कुत्री मारली, आणि इतकं करूनही ना कुत्री संपली ना रेबीज. प्राणिमित्र संस्था वर्षानुवर्षं मागे लागल्या, तेव्हा कुठे १९९४ मध्ये मारणं थांबून निर्बीजीकरण सुरू झालं. मद्रासची गोष्ट तर आणखी जुनी. तिथल्या महापालिकेने १८६० पासून कुत्री मारली. तिथल्या ब्लू क्रॉस या प्राणिमित्र संस्थेचे चिन्नी कृष्णा १९६४ पासून सांगत होते की मारू नका, जन्म थांबवा. महापालिकेने ते मानलं १९९६ मध्ये. बत्तीस वर्षं! तुला तर अजून बत्तीस आठवडेही झाले नाहीत, आणि तू हातपाय गाळून बसलीस.

मारून का संपत नाहीत, हे तुला चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे, कारण ते तुला दर कोपऱ्यावर विचारतील. गल्लीत कुत्री राहतात ती तिथल्या उष्ट्या-खरकट्यावर. मटणाच्या दुकानामागचा ढीग तसाच ठेवून कुत्री उचलणं म्हणजे गुळाची ढेप उघडी ठेवून मुंग्या पुसत बसणं. जागा रिकामी झाली की शेजारच्या वस्तीतली येतात, ती बिनलसीची असतात, आपसांत भांडतात, आणि जी मादी वाचली तिची पिल्लं भरपूर अन्नावर जगतात. लस दिलेली, ऑपरेशन झालेली कुत्री मारली तर खर्चही पाण्यात आणि संरक्षणही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, की कुत्री हटवून रेबीज आटोक्यात येत नाही, शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस दिली तर येतो.

गोव्याचं उदाहरण तर कायम जिभेवर ठेव, कारण ते शेजारचं आहे आणि आपले नगरसेवक तिथे सुट्टीला जातातच. तिथे २०१४ पासून 'मिशन रेबीज' ही संस्था आणि राज्य सरकार यांनी वाडीवाडीतून जाळी घेऊन कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवलं. २०१७ नंतर काही वर्षं तिथे एकही माणूस रेबीजने गेला नाही, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. मुंबईचा आकडा सांगताना मात्र बढाई नको. २०१४ च्या गणनेत ९५,१७२ कुत्री, दहा वर्षांनंतरच्या पाहणीत ९०,७५७. वाढली नाहीत हे खरं, पण एवढ्या वर्षांत एवढीच कमी झाली हेही खरं. निर्बीजीकरण रडतखडत केलं तर फळही तसंच रडतखडत येतं. हे तू स्वतःहून मान्य केलंस की समोरच्याचा तुझ्यावर विश्वास बसतो, बघ.

आता कामाला लागू. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कर. माझा पहिला अर्ज चार पानी होता, त्यात कुत्र्यांच्या इमानदारीवर एक परिच्छेद होता! आला परत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवायचा असतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराला तीस दिवस. मागायचं ते मोजकं: गेल्या वर्षी महिन्यागणिक किती कुत्री पकडली, किती ऑपरेशनं झाली, किती त्याच जागी सोडली, किती दगावली आणि कशाने. ठेकेदाराला किती रक्कम दिली. त्याच्याकडे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाचं मान्यतापत्र आहे का. लसी आणि भुलीच्या औषधांच्या खरेदीची बिलं. आणि नियमांप्रमाणे जी स्थानिक संनियंत्रण समिती असायला हवी, तिच्या बैठकांचं इतिवृत्त. बहुतेक वेळा गंमत इथेच होते. समिती एक तर नसते, नाहीतर कागदावर असते आणि तिच्यातल्या सदस्यांनाच ते माहीत नसतं.

उत्तर आलं की वजाबाकी कर. पकडली वजा सोडली. जो आकडा उरतो तो तुझा लढा. मग लशीच्या आणि भुलीच्या औषधाच्या बाटल्या मोज. पाचशे ऑपरेशनं दाखवली आणि भुलीचं औषध पन्नासला पुरेल एवढंच असेल, तर आवाज चढवायची गरजच नाही. किराणा दुकानदाराची वही तू ज्या डोळ्यांनी तपासतेस त्याच डोळ्यांनी हे कागद बघ, तुला बरोबर सापडेल.

कोंडवाड्यात जायचंच तर एकटी जाऊ नकोस आणि कॅमेरा नाचवत जाऊ नकोस. एखाद्या पशुवैद्यकाला बरोबर घे, आधी पत्र दे. पिंजऱ्यात पाणी आहे का, आजारी वेगळी ठेवलीत का, दूध पाजणारी मादी आत आहे का, ऑपरेशननंतर किमान चार दिवस ठेवतात की टाके ओले असतानाच सोडतात, हे बघ. रजिस्टर माग. आणि गाडीवरच्या पोरांशी नीट बोल, गं. ती ठेक्यावरची असतात, हातमोजे नसतात, बऱ्याचदा स्वतःला रेबीजची लसही टोचलेली नसते. शिव्या आपण त्यांना घालतो आणि हुकूम देणारा वर केबिनमध्ये पंख्याखाली बसलेला असतो. तुझ्या पहिल्याच निवेदनात त्यांच्यासाठी लस आणि हातमोजे माग. मी हे केलं तेव्हापासून मला आतलं खरंखोटं कळायला लागलं.

आता नाजूक गोष्ट. तुझ्याच गल्लीत एखादी आई असेल जिच्या पोराला कुत्र्याने फाडलंय. तिला 'कुत्रं उगाच चावत नाही' असं कधी म्हणू नकोस. एकदा लक्षणं दिसली की रेबीजमधून माणूस जवळजवळ वाचतच नाही, तिची भीती खोटी नाही. तिच्याकडे जा. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, मिरची-हळद-चुना काही भरायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, सगळी इंजेक्शनं पूर्ण करायची, हे सांग. गरज पडली तर रिक्षाने तिला सरकारी रुग्णालयात ने. आणि तू जे खाणं घालतेस ते जिन्यात, फाटकात, मुलांच्या खेळायच्या जागी नको. २०२३ च्या नियमांतही तेच आहे. 'सगळी मारून टाका' या अर्जावर पहिली सही बहुतेकदा त्या आईची असते. ती 'लस द्या, ऑपरेशन करा' यावर आली तर तुझी अर्धी मोहीम झाली. मला विचारशील तर दहा प्राणिमित्रांपेक्षा ती एक सही मोठी.

सर्वोच्च न्यायालयाचं २०२५ मध्ये काय झालं ते तू ऐकलंच असशील. ११ ऑगस्टला दिल्लीतली सगळी कुत्री निवारा केंद्रांत टाका म्हणाले, २२ ऑगस्टला ते बदलून लस आणि ऑपरेशन करून परत सोडा म्हणाले, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवा, तिथे परत सोडू नका असा आदेश झाला. निवेदन लिहिण्याआधी ताजा आदेश काय आहे ते वकिलाकडून बघून घे. पण यातून एक गोष्ट तू आत्ताच ओळख. गावोगावी नवे कोंडवाडे उभे राहतील, त्यांना नाव निवारा केंद्र असेल. पन्नासच्या जागेत दोनशे अनोळखी कुत्री कोंबली की पार्व्हो, डिस्टेंपर आणि मारामाऱ्या त्यांना संपवतात, आणि रजिस्टरमध्ये 'नैसर्गिक मृत्यू' असं लिहिलं जातं. त्यामुळे 'आम्ही मारत नाही हो' या उत्तरावर घरी येऊ नकोस. क्षमता किती, आत किती, डॉक्टर रोज येतो का, महिन्याला मेली किती, हे लेखी माग.

आणि तुझं काय? बघ, तू जेवतेस ना वेळेवर? स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस घेऊन टाक, कुत्र्यांत वावरणाऱ्याने घ्यायचीच असते. घरी कुत्री आणून भरू नकोस. एक पिल्लू ठेव, बाकीच्यांना चांगली घरं शोध, पण तुझ्या गॅलरीचा कोंडवाडा करू नकोस. नवऱ्याशी पगारातल्या पैशांवरून भांडण होण्याआधी महिन्याची रक्कम ठरव आणि ती संपली की संपली. सगळी कुत्री तुझ्याने वाचणार नाहीत. काही तुझ्या डोळ्यांदेखत जातील, आणि दुसऱ्या दिवशी डबा तर करावाच लागेल. तेव्हा मला फोन कर, रडायचं ते माझ्याजवळ रड, नगरपरिषदेत नको. तिथे कोरड्या डोळ्यांनी आणि फाइल घेऊन जायचं.

शनिवार-रविवारी तो दीडशे शब्दांचा अर्ज लिही, मला दाखव, मी काटछाट करून देते. सोमवारी आवक विभागात दे, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.